उघाडी

चार फुटी टाकीच्या काचेला भोकं पाडायची
म्हटल्यावर दुकानदारानं हात वर केले.
हसुराम घरत म्हणाला, कणीक मळ.
मी मळली. घट्ट, पुऱ्यांची असते तशी.
तिची वळी करून त्यानं काचेवर गोल बांध घातला,
आत चार चमचे पाणी सोडलं
आणि हिऱ्याच्या दातांचा कप लावून
ड्रिल असं धरलं
जसा तापल्या पोराच्या कपाळाला हात लावावा.
पाणी ताकासारखं पांढरं होत गेलं.
बाराव्या मिनिटाला काचेची एक चकती
आतल्या आत सुटून टिंग वाजली.
अशा तीन.
अजून आहेत, किल्ल्यांच्या वाटीत.

घणसोली, सेक्टर सात, दुसरा मजला.
स्लॅब सिडकोचा, म्हणजे भरवसा ठेवू नये असा.
खाली नलावडेबाई. त्यांच्या छतावर
माझ्या आधीच्या भाडेकरूच्या गीझरनं काढलेला
एक नकाशा आहे, बराचसा श्रीलंकेसारखा.
"तुमचा समुद्र तुमच्यापाशीच ठेवा,"
एवढंच त्या जिन्यात म्हणाल्या होत्या.

तीन पाइप कशाला, मी विचारलं,
एकानं भागेल की.
हसुराम सॉल्व्हंटच्या डब्याचं झाकण
पान्याच्या मागच्या टोकानं उचकटत होता.
त्याचा बा मिठागरावर होता.
खाडीच्या बांधात उघाडी असायची,
लाकडी झडप, ओहोटीला उघडणारी,
भरतीला आपली आपण मिटणारी.
तिची राखण बाकडे.
ती जागा आता कुठल्या सेक्टरखाली गेली
हे त्यालाही नक्की सांगता येत नाही;
हात नुसता खिडकीबाहेर हलतो.
"वाट दिली तं पानी गुमान जातं," तो म्हणाला,
"नाय दिली तं ते तुला इचारत नाय."

पहिला पाइप भरून वाहणार,
हवेचा एक घोटसुद्धा न घेता.
दुसरा उरलेली ओघळ नेणार, भिंतीच्या कडेनं.
तिसरा सगळ्यांत उंच, उघड्या तोंडाचा,
त्याला काम नाही.
"यो सुका ऱ्हायला पायजे.
रोज बग. सुका हाय का."

वॉशर आतून, नट हातानं, मग पाव फेरा. बस.
जास्त आवळलं की काच बोलते,
आणि काच एकदाच बोलते.

एक दिवस नुसता वास.
मग आरओचं गोडं पाणी, मीठ नंतर.
मोटर लावली, आणि घरभर
कुणीतरी अखंड संडासाची साखळी ओढत बसलंय
असा आवाज.
हसुरामनं गेट व्हॉल्व्ह फिरवला. थोडा. अजून थोडा.
परत मागे, नखभर.
गुळगुळ, गळगळ, एक लांब सुस्कारा
आणि मग काहीच नाही.
पाणी चाललं होतं आणि ऐकू येत नव्हतं.
आम्ही दोघं पाइपाला कान लावून उभे,
त्याच्या मिशीला सॉल्व्हंट लागलेला.

"आता लाइट बंद कर."
मी मेन स्विच पाडला. अंधारात
वरचं पाणी खालच्या सम्पमध्ये उतरत राहिलं,
चढत राहिलं काठाकडे.
मी जमिनीवर बसले, टॉर्च तोंडात,
नलावडेबाईंची श्रीलंका डोळ्यांपुढे.
काठाखाली दोन बोटं राखून ते थांबलं.
हसुरामनं पैसे मोजले नाहीत, खिशात घातले.

पुढे मीठ आलं, दगड आले, वाळू आली,
मऊ पोवळ्याचा एक तुकडा आला, अंगठ्याएवढा,
चार आठवडे मिटून बसणारा.
मी रोज तिसऱ्या पाइपात बोट घालून बघत असे.
कोरडा. कोरडा. रविवारी कोरडा.

श्रावणातल्या एका रात्री, पावणेतीनला,
सम्पमध्ये धो धो.
उठून पाहते तर पहिल्याच्या जाळीवर
एक गोगलगाय, ऐसपैस, दार लावून झोपलेली,
दुसऱ्याला ते एकट्याला पेलेना,
आणि तिसरा, इतके महिने रिकामा उभा असलेला,
ओरडत ओरडत पाणी नेतोय.
लादीवर एक थेंब नाही.

गोगलगाय काढली. शांत झालं.
तिला परत दगडावर ठेवताना
बोटं जरा थरथरत होती.

सकाळी जिन्यात नलावडेबाई.
"रात्री तुमचा नळ चालू राहिला होता का हो?"
हो, म्हटलं.
"मग छत?"
दोघींनी मिळून वर पाहिलं.
श्रीलंका होती तेवढीच होती.